सातबारा कोणाचा, हप्ता कोणाला?

'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा १९८० साली नाशिक जिल्ह्यात दुमदुमली. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली ऊस आणि कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी त्या वेळी मुंबई-आग्रा महामार्ग अडविला, रेल्वे अडविली. त्यांचे मागणे अनुदानाचे नव्हते, भावाचे होते. त्याच जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाच्या खात्यावर आता सरकारी रक्कम परस्पर जमा होते. केंद्राची किसान सन्मान योजना २०१९ साली सुरू झाली. तिचे वर्षाला ६ हजार रुपये, २ हजारांच्या तीन हप्त्यांनी. २०२३ साली राज्याने 'नमो शेतकरी' या नावाने तेवढीच भर घातली. जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये घरातील स्त्रीच्या खात्यावर येऊ लागले. घोषणेतील 'भीक' ती हीच काय, असा प्रश्न शहरी वर्तुळात कुत्सितपणे विचारला जातो. महागाई भत्त्याला मात्र कोणी भीक म्हणत नाही, आणि केंद्राच्या ६ हजारांना महागाई भत्ता जोडलेला नाही, हेही त्या वर्तुळात कोणाच्या ध्यानी येत नाही.

या पैशाने घरात नेमके काय बदलते, हे पाहावयाचे तर निफाड किंवा येवला तालुक्यातील दोन एकरांचे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण असते. मजुरांच्या टोळीला रोख पैसे मोजावे लागतात. खत आणि औषध मात्र कृषी सेवा केंद्रातून उधारीवर मिळते. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव एक नसतो, हे खेड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हाती वेळेवर दोन हजार आले तर दोन गोणी खत रोखीने उचलता येते आणि तेवढ्यापुरता दुकानदाराचा पाश सैल होतो. रक्कम अल्प, पण तिची किंमत तिच्या आकड्याहून थोडी अधिक आहे, ती यामुळे. जिल्हा मध्यवर्ती बँक थकबाकीखाली वाकल्यापासून नाशिकच्या लहान शेतकऱ्याला पीककर्जाचा हक्काचा दरवाजाही पूर्वीसारखा उघडा राहिलेला नाही. हे लक्षात घेता दोन हजारांची थट्टा करणे सोपे असले तरी शहाणपणाचे नव्हे.

परंतु हा लाभ कोठे थांबतो, हेही त्याच शेतात दिसते. मार्च-एप्रिलमध्ये कांदा निघतो तेव्हा सगळ्यांचाच निघतो आणि बाजार कोसळलेला असतो. ज्याच्यापाशी चाळ आहे आणि चार महिने थांबण्याची ऐपत आहे तो थांबतो. ज्याच्या दारात देणेकरी उभे आहेत तो ट्रॅक्टर भरून लासलगावची वाट धरतो. थांबण्याची ही ऐपत म्हणजेच लहान शेतकऱ्याचे खरे भांडवल. दोन हजारांनी ती फार तर आठवडाभर विकत घेता येते, हंगामभर नव्हे.

शिवाय सरकार एका हाताने देते तेव्हा दुसऱ्या हाताने काय करते, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली. काही आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्यावर आला. क्विंटलला केवळ हजार रुपये उतरले असे धरले आणि त्या कुटुंबाचा पन्नासच क्विंटल कांदा बाजारात जायचा होता असे मानले, तरी एका हंगामात पन्नास हजारांचा फटका बसतो. केंद्र आणि राज्य या दोहोंच्या चार वर्षांच्या हप्त्यांच्या बेरजेहून ती रक्कम थोडी अधिकच आहे! ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हे धोरण समजण्याजोगे आहे. परंतु त्याची किंमत निफाडच्या दोन एकरवाल्याने मोजावी आणि वर त्यालाच लाभार्थी म्हणावे, हा न्याय अजब आहे. निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेले. गेलेला हंगाम मात्र परत आला नाही.

भावातील तूट नंतर रोखीने भरून देण्याचा प्रयोगही जिल्ह्याने पाहिला आहे. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या लाल कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून कित्येकांचे अर्ज अडले आणि पैसे महिने लोटल्यावर, तेही हप्त्यांनी मिळाले. दुकानदाराची उधारी तोवर थांबत नाही.

मग रोख मदतीने काहीच पालटले नाही काय? पालटले; पण शेतात नव्हे, घरात. पट्टीचे पैसे घरधन्याच्या हाती येतात आणि देणी भागवून उरले तर घरात पोहोचतात. लाडक्या बहिणीचे पैसे मात्र स्त्रीच्या खात्यावर पडतात. लेकराचे औषध, शाळेची वही, माहेरी जाण्याचे भाडे, बचत गटाचा हप्ता यांसाठी आता नवऱ्यापुढे किंवा सासूपुढे हात पसरावा लागत नाही. मेक्सिकोने १९९७ साली आणि ब्राझीलने २००३ साली गरीब कुटुंबांना रोख मदत सुरू केली तेव्हा ती प्रामुख्याने मातांच्या हाती दिली, ते याच विचाराने. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, २०२५ मध्ये छाननी होऊन अनेक नावे गळाली आणि आदिवासी विकास व सामाजिक न्याय विभागांचा निधी तिच्याकडे वळविल्याची तक्रार त्या वर्षी खुद्द एका मंत्र्यानेच केली. हे सारे आक्षेप रास्त आहेत. तरीही पंधराशे रुपयांनी घरातील बोलण्याचा सूर बदलतो, हे नाकारता येणार नाही.

सुरगाणा, पेठ या तालुक्यांतून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या मजुरांना शेतकरी म्हणून मिळणारा हप्ता नाही, कारण जमीन नावावर नाही. वनहक्काचा दावा ज्यांचा लोंबकळत आहे ते जमीन कसतात, पण सरकारच्या लेखी शेतकरी ठरत नाहीत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या मोर्चाचे एक मुख्य गाऱ्हाणे तेच होते. वाटेकरीही तसाच वगळला जातो. ओडिशाने २०१८ साली सुरू केलेल्या 'कालिया' योजनेत वाटेकरी व भूमिहीन मजूर यांना सामावून घेतले होते. तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणण्यास जागा नाही.

परंतु सर्वांत विपरीत गोष्ट सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असलेल्या स्त्रीची आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला आणि पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. नाव लावून घेणाऱ्या घरांना आजच्या नियमांनी काय मिळते? जमीन नवऱ्याच्या नावे असेल तर त्याला वर्षाला १२ हजार आणि पत्नीला १८ हजार, असे घरात ३० हजार येतात. जमीन पत्नीच्या नावे असेल तर शेतकरी म्हणून तिला १२ हजार मिळतात. मात्र महिना हजार तिला आधीच मिळतात म्हणून लाडकी बहीण या नात्याने तिच्या पदरी केवळ फरकाचे ५०० रुपये पडतात. त्या घरात येतात १८ हजार. म्हणजे बायकोच्या नावे जमीन केल्याचा दंड वर्षाला १२ हजार रुपये! तलाठी कार्यालयात नाव लावण्यासाठी खेटे घालणाऱ्या स्त्रीला हा हिशेब कळला तर ती अर्ज मागे घेईल, यात नवल ते काय?

राज्य सरकारनेच २०२५ साली दिलेल्या माहितीनुसार, असा पाचशेचा फरक घेणाऱ्या स्त्रिया ७ लाख ७४ हजारांवर आहेत. त्यांना पूर्ण रक्कम द्यावयाची तर वर्षाला सुमारे ९२९ कोटी रुपये लागतील. योजना जाहीर झाली तेव्हा तिच्यावर वर्षाला ४६ हजार कोटी खर्च होतील असे सांगितले गेले होते. त्या रकमेचा हा जेमतेम दोन टक्के भाग होतो. फरकाची ही अट शासन निर्णयाने लागली आहे आणि शासन निर्णयानेच ती काढता येईल.