साखर अंगात आली कुठून?

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या मेळाव्याला जोडून रक्ततपासणी ठेवली होती. बोटाला सुई टोचायची, यंत्रावरचा आकडा बघायचा, एवढेच. रांगेतल्या साठीच्या एका शेतकऱ्याला डॉक्टरांनी आकडा सांगितला, तेव्हा तो क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे ऊस नाही, कारखाना नाही, पाटाचे पाणी नाही. मग साखर अंगात आली कुठून?"

मांडव हसला. पण रांग पुढे सरकत गेली तसे हसू कमी होत गेले. तिशी-पस्तिशीतल्या पोरांचेही आकडे चढे निघत होते.

त्याच मांडवात दुपारची पंगत बसली. पुरी, बटाट्याची भाजी, भात, बुंदी. बसलेले सगळे कापूस-ज्वारीचे कोरडवाहू शेतकरी. एकाच्याही ताटात भाकर नव्हती, आणि ती नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. वाढणारे आम्हीच होतो. म्हणून आज जे लिहितो आहोत ते दुसऱ्याला शहाणपण शिकवायला नव्हे.

साखर आणि रक्तदाब हे गादीवर बसणाऱ्याचे रोग, घाम गाळणाऱ्याला ते होत नाहीत, असे आपण आजवर धरून चाललो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची देशभरची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह आहे. शहरात तो जास्त, खेड्यात कमी, हे खरे. पण जे अजून मधुमेही नाहीत आणि त्या उंबरठ्यावर उभे आहेत, त्यांचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच निघाले. शहराने आपल्याला भाव दिला नाही, रस्ता दिला नाही, वीज दिली नाही, पण हा वाटा मात्र बरोबरीने पाठवला. शहरातल्या माणसाला आजार झाला तर त्याची पगारी रजा जाते. आपली औताची वाफ जाते, नाहीतर बैलजोडी जाते.

ज्वारी ताटातून गेली ती आपल्या अडाणीपणाने गेली, असे पोषणावर व्याख्याने देणारे सुचवत असतात. ते आम्हाला मान्य नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. पोती वाढली, पण हळवे वाण पावसातच दाण्यावर यायचे आणि कणीस काळे पडायचे. काळ्या ज्वारीला व्यापारी हात लावीना, आणि भाकरीला पहिली चव नाही म्हणून घरचेही तोंड फिरवायचे. पुढे सोयाबीन आले. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पऱ्हाटीच पऱ्हाटी झाली. राहिलेल्या ज्वारीवर पाखरे, रानडुकरे आणि रोही. राखणीला माणूस मिळेना, कापणीला मजूर मिळेना, आणि एवढे करून बाजारात भाव नाही. या हिशेबात कोणत्याही शहाण्या माणसाने जे केले असते तेच आपण केले.

सरकारनेही हातभार लावला. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखाला अमेरिकेची लाल मिलो खावी लागली, हे ज्यांनी खाल्ली ते अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ पक्के बसले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचे नाव आहे, भावही किलोला एक रुपया लिहिलेला आहे. दुकानात मात्र ते उगवले तर एखाद्या हंगामात, एखाद्या जिल्ह्यात. जे फुकट येते ते शिजते. गरिबाच्या चुलीचा हा नियम आहे, त्यात गैर काही नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल होते. जवस, तीळ, करडई, भुईमूग पिकवणाऱ्या मुलखात आनंद म्हणून पामतेल आणि साखर!

आणि २०२३ हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या ज्वारीला त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात 'श्री अन्न' अशी पदवी मिळाली. पुण्या-मुंबईच्या दुकानात ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे पोहे, ज्वारीची पाकिटे आली. पाकिटाच्या किमतीतले शेतकऱ्याच्या हाती किती पोचते ते वाचणाऱ्याला सांगायला नको. मुळात ज्वारीला भाव असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण भावाची लढाई संपेपर्यंत शरीर थांबत नाही. म्हणून जेवढे आपल्या हातात आहे तेवढ्यावर बोलू.

पहिली गोष्ट, ज्वारी म्हणजे औषध नव्हे. "भाकर खाल्ली की साखर जाते" असे सांगणारे आता गावोगाव निघाले आहेत, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पाच भाकरी आणि ठेचा खाल्ला तरी साखर चढणारच. निव्वळ ज्वारीवर जगण्याचा अनुभव आपल्या दख्खनने एकदा घेतलेला आहे. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, हगवण, डोक्याचा भ्रम. हे रोगी बहुतेक गरीब मजूर होते आणि त्यांच्या पोटात ज्वारीवाचून दुसरे फारसे काही जात नव्हते. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाशी त्यांनी त्या रोगाचा संबंध मांडला. सांगायचे ते एवढेच की ज्वारीला सोबत लागते. डाळ, पालेभाजी, ताक, मूठभर दाणे किंवा तीळ. खानदेशात कळण्याची भाकर करतात, ज्वारीत उडीद घालून दळतात. डाळीत जे जास्त ते ज्वारीत कमी असते, दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. हे कोणत्याही शास्त्रज्ञाने न सांगता बायांनी जात्यावर साधले होते.

मैद्याच्या पुरीपेक्षा किंवा पांढऱ्या भाताच्या ढिगापेक्षा भाकर बरी का, तर तिच्यात कोंडा राहतो. पोट भरल्यासारखे लवकर वाटते, आणि खाल्लेले हळूहळू रक्तात उतरते. दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, भाकरीएवढीच भाजी. भात खायचा तर वरून दोन घास.

ही सोबत पूर्वी विकत घ्यावी लागत नव्हती, शेतातच होती. कापसाच्या तासांत तुरीचा तास, मधूनमधून मूग, उडीद, बरबटी. तिफणीमागे चालणारी बाई ओटीतून अंबाडी, तीळ, भेंडी, वाळूक टाकत जायची, आणि त्याचा हिशेब घरधन्यालाही माहीत नसायचा. निंदणीला गेलेली बाई परतताना तरोटा, घोळ, चिवळ, तांदुळजा पदरात आणायची. आता तणनाशकाच्या एका फवाऱ्यात भाजीही जाते. निंदणीच्या मजुरीने माणूस मेटाकुटीला येतो, त्यामुळे तणनाशक टाकू नका असे आम्ही म्हणत नाही. पण विहिरीजवळचा, गोठ्यामागचा एखादा गुंठा त्यातून सोडा. सांडपाण्यावर शेवगा, कढीपत्ता, चार वेल वांग्या-दोडक्याशेजारी सहज होतात. बाजाराच्या दिवशी चाळीस रुपये पाव भाजी बघून पिशवी रिकामी आणायची, आणि आपण शेतकरी!

मायबहिणींविषयी वेगळे लिहायला हवे, कारण सभेत तो विषय नेहमी शेवटी येतो आणि वेळ संपते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत ते ४८ होते. म्हणजे गेले ते वाढतच. घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर भांडे पुसून जेवते. वरण संपलेले असते, भाजीचा रस्सा उरलेला असतो, तिच्या वाट्याला भाकर आणि मीठ-मिरची येते. हा रिवाज डॉक्टरच्या गोळीने सुटणार नाही. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे, निदान रात्रीचे तरी. जेवणात लिंबाची फोड असू द्या, तिने भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवल्याजेवल्या चहा नको, तो तेच लोह अडवतो.

चहाचा विषय निघालाच आहे तर त्या साठीच्या शेतकऱ्याला उत्तरही देऊन टाकू. साखर अंगात आली ती कपातून. घरी दोन, शेतात दोन, बाजारात, सोयऱ्याकडे, तलाठ्याची वाट बघताना, दिवसाला सात कप होतात. कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम धरली तरी दिवसाची सत्तर ग्रॅम, महिन्याची दोन किलो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या खाली ठेवावी आणि पंचवीसच्या खाली आली तर अधिक चांगले. मिठाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा, दिवसभराचे सगळे मिळून. लोणचे, पापड, शेव, चिवडा यांत ते कधी संपते ते कळतही नाही. कष्टाला साखर लागते, चहाने तरतरी येते, असे म्हणतात. तरतरी नव्हे, तेवढ्या वेळापुरती भूक मरते. नऊ वाजता चहावर शेतात जाणारा माणूस दुपारी दोनला जेवतो आणि एकदम भरमसाट जेवतो. सकाळी अर्धी भाकर आणि ताक घेऊन निघणारे आपले आजे-पणजे फार काही वेडे नव्हते.

आता खर्रा. यावर लिहिले की आमचेच कार्यकर्ते रागावतात. गुटख्यावर राज्यात २०१२ सालीच बंदी आली. खर्रा पानटपरीवर समोर घोटून मिळतो आणि तंबाखू-सुपारीचा तो गोळा दिवसभर गालात राहतो. तोंड बोटभर उघडेनासे झाले की पोरगा डॉक्टरकडे जातो. त्यातही फवारणीच्या दिवसांत हा खर्रा हातावर येतो तो औषध लागलेल्याच हातावर. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यात औषधांचा दोष होता, विक्रीचा होता, देखरेखीचा होता, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण पंप पाठीवर आपल्या असतो. डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल म्हणजे सर्वांत जहाल. उपाशीपोटी फवारू नका, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका. पाणी प्यायच्या आधी साबणाने हात धुवा, धुऱ्यावर साबणाचा तुकडा ठेवायला किती पैसे लागतात? फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, ते धुणारी बाईही माणूसच आहे. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्यालाही नको आणि तेलालाही नको.

राहता राहिला ज्वारीचा हिशेब, कारण हिशेबाशिवाय आपल्याकडे काही पटत नाही आणि पटूही नये. पाच माणसांच्या घरात एका वेळची भाकर म्हणजे दिवसाला किलोभर पीठ, वर्षाची साडेतीन क्विंटल ज्वारी. बरा पाऊस झाला तर अर्ध्या एकरात ती निघते. त्याच अर्ध्या एकरात तीन क्विंटल कापूस धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये, संकरित ज्वारीला ३,६९९. कापसाचे २३,१३० होतात, चार क्विंटल ज्वारीचे १४,७९६. कापसातून बियाणे, फवारण्या, खत, वेचणी वजा करा, ज्वारीतून राखण आणि कापणी. ज्वारीत कडबा मिळवा. तरीही कागदावर कापूस थोडा पुढे राहील, हे आम्ही लपवत नाही. हमीभाव हाती पडलाच तर. पण साखरेच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की त्या बहुतेकांना जन्मभर घ्याव्या लागतात, आणि तो खर्च कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्चात धरत नाही. ज्याच्या घरी पाच एकर आहे त्याने अर्धा एकर घरच्या ताटासाठी काढावा, चारही बाजूंनी अंबाडी लावावी. शेजारच्या चार जणांनी एकाच पट्ट्यात पेरली तर राखण वाटून घेता येते आणि डुकरांचा मार एकट्यावर पडत नाही. रब्बीची ओल धरणारी जमीन असेल त्याने मालदांडी पेरावी, तिच्या भाकरीला तोड नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. ज्यांना आधीच गोळ्या सुरू आहेत त्यांनी हा लेख वाचून त्या बंद करू नयेत, डॉक्टरला विचारावे.

पुढच्या मेळाव्याची पंगत आम्ही ठरवली आहे. भाकर, तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक. पीठ प्रत्येक गावाने आपापले आणायचे, आदल्या दिवशी दळलेले, कारण ज्वारीचे जुने पीठ थापताना तुटते. भाकरी थापायला एकट्या बायांना बसवायचे नाही, अशी महिला कार्यकर्त्यांची अट आहे आणि ती आम्ही मान्य केली आहे. ज्यांना थापता येत नाही त्यांनी आतापासून शिकावे. चहा एकदाच, सकाळी. तपासणीचे टेबल या वेळी मांडवाच्या दारातच असेल.