आधी पायी चालणारे मोजा

देवळ्यात रास्ता रोको करायचा तर पाच कंदीलवर. कांद्याचा भाव पडला, आवर्तन सुटलं नाही, कारण काहीही असो, माणसं येऊन बसतात ती याच चौकात. थोड्याच वेळात सटाण्याकडची, कळवणकडची, चांदवडकडची वाहनं रांगा लावून उभी राहतात. या चौकाची ताकद सगळ्यांना माहीत आहे. उरलेल्या दिवसांत इथे रोज कुणाचा तरी रस्ता अडलेला असतो, पण त्याची बातमी होत नाही, कारण तो माणूस पायी असतो.

माझी खाला सत्तरीकडे आली आहे, गुडघे दुखतात. एकदा तिला रस्ता ओलांडताना मी लांबून पाहिलं. ती एकटी निघतच नाही. कुणीतरी पलीकडे जाणारं येईपर्यंत थांबते आणि मग त्याच्या आडोशाने चालू लागते. मी धावत जाऊन हात धरला तर म्हणाली, "बेटा, कांद्याचा ट्रॅक्टर थांबतो. मोटारसायकलवाला नाही थांबत." त्या मोटारसायकलवाल्यांत आपल्या मोहल्ल्यातली पोरं किती असतील, हे मी तिला विचारलं नाही.

जरा हिशेब करू. रस्ता पंधरा मीटर रुंद धरा. रस्त्याचा आराखडा करणारे अभियंते माणसाच्या चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे साडेबारा सेकंदांत माणूस पलीकडे. खाला ०.८ मीटरने चालते असं धरलं तर तिला एकोणीस सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटरने येणारी पिकअप तेवढ्या वेळात सुमारे २६० मीटर कापते. म्हणजे खाला पहिलं पाऊल टाकते तेव्हा जी गाडी तिला धड दिसतही नाही, ती ती पलीकडे पोहोचायच्या आत तिच्या अंगावर येऊ शकते. चूक तिच्या गुडघ्यांची आहे की चौकाची?

चौक बदलता येतो, आणि त्याला उड्डाणपूल लागत नाही. रस्त्याच्या मधोमध दीड-दोन मीटरचा थांबा केला तर खालाला एका वेळी अर्धाच रस्ता ओलांडावा लागतो आणि एकाच बाजूकडे पाहावं लागतं. कोपरे ऐसपैस, गोल ठेवले की गाडी वेग कमी न करता वळते. तेच कोपरे आवळले, फूटपाथ थोडा पुढे आणला की ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवावाच लागतो आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. ओलांडण्याची जागा रस्त्यापेक्षा जराशी उंच केली तर तीच गतिरोधकाचं काम करते. यात नवं काही नाही.

मुंबईत नागपाड्याच्या चौकात हे करून पाहिलं गेलं. तिथली वस्ती, तिथली गर्दी आपल्यापैकी अनेकांना नातेवाइकांमुळे ठाऊक आहे. महापालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही संस्था यांनी आधी नुसते शंकू, बॅरिकेड आणि रंग वापरून चौकाचा नवा आकार तात्पुरता उभा केला. लोक त्यातून चालतात कसे, गाड्या वळतात कशा, कुठे अडतं, हे पाहायचं आणि मगच सिमेंट ओतायचं, अशी ती रीत. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की चुकलं तर शंकू उचलून दुसरीकडे ठेवता येतो. आपल्याकडे आधी काँक्रीट होतं आणि मग रस्ता चुकला म्हणून निवेदन दिलं जातं.

देवळ्याचा प्रश्न नागपाड्याहून वेगळा आहे, कारण आपला चौक विंचूर-प्रकाशा महामार्गावर आहे. चांदवडहून सटाण्याला जाणाऱ्याला देवळा म्हणजे मध्ये आलेली अडचण वाटते आणि देवळ्यातल्या माणसाला महामार्ग म्हणजे घर आणि बाजार यांच्या मधली नदी. त्यात चैत्रात खानदेशातले पदयात्री सप्तश्रृंगी गडाकडे निघतात ते याच वाटेने, बायाबापडे, लेकरं, डोक्यावर ऊन. पायी चालणाऱ्यांचा इतका मोठा जथा ज्या गावातून दरवर्षी जातो, त्या गावाच्या चौकाचा विचार पायी चालणाऱ्यापासून सुरू व्हायला हवा.

तसा तो होत नाही, कारण सरकारी नजर पडते ती माणसं गेल्यावर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. नाशिकच्या मिरची हॉटेल चौकात ८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे खाजगी बस पेटून बारा जण गेले. शहरातल्या धोकादायक चौकांची पाहणी आणि अतिक्रमणं हटवणं यांना जोर आला तो त्यानंतर. आपल्या तालुक्यात मेशीजवळ २८ जानेवारी २०२० रोजी एसटी बस आणि रिक्षा धडकून विहिरीत पडल्या, २६ जण गेले. पायी चालणारा मात्र बहुधा एकेकटा मरतो. २०२२ साली देशात रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी जवळपास पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. एकेक करून गेलेल्यांची बातमी मोठी होत नाही.

आता 'लोकसहभागा'बद्दल. मी अशा एक-दोन सभांना बसलो आहे, देवळ्यात नाही, दुसऱ्या गावी. भिंतीवर नकाशा, समोर खुर्च्या, वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची. आलेले सगळे पुरुष, आणि सगळे गाडीवर आलेले. खाला नव्हती, शाळकरी मुलगी नव्हती, हातगाडीवाला तर धंदा सोडून येणारच कसा? त्या सभेत एकमताने ठरलं काय, तर अतिक्रमण काढा.

इथे सावध राहायला हवं. चौक पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करू, असं म्हणत पहिला घाव फळांच्या हातगाडीवर पडतो; दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या चारचाकीला कुणी हात लावत नाही. हातगाडीवाल्यांत आपली माणसं बरीच आहेत, म्हणून मी हे बोलतो असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेत्यांची जागा ठरवायची ती या समितीला विचारून. आणि गाडी फूटपाथवर लागली असेल तर तिला सरकवावंच लागेल, ती आपल्या चाचाची असली तरी.

आणि जुम्म्याचं काय? नमाजला येताना आपण मोटारसायकली कुठे लावतो? रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं ही ईमानची एक शाखा, हे आपण मक्तबमध्ये घोकलं. मग वजू करून सफ धरताना बाहेर आपल्याच गाडीने कुणा म्हातारीला रस्त्याच्या मधोमध ढकललं असेल तर? चौकासाठी निवेदन घेऊन जाणाऱ्यांनी त्याआधीच्या शुक्रवारी गाड्या ओळीत लावून दाखवाव्यात. मागणीला वजन येईल.

कागदही आपल्या बाजूने आहेत. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फूटपाथचा हक्क घटनेच्या कलम २१मध्ये येतो असं म्हटलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील एवढी. महामार्ग नगरपंचायतीच्या हातात नाही, असं उत्तर येईल. ते खरंच आहे. म्हणून अर्ज दोन करायचे, एक नगरपंचायतीला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. चौकातल्या अपघातांची नोंद माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येते.

पण अर्जाआधी आकडा हवा. चौकातून किती ट्रक गेले हे मोजणारं यंत्र बसवता येतं. किती बाया लेकरू कडेवर घेऊन किती वेळ ताटकळल्या, हे मोजायला आपणच उभं राहावं लागेल. येत्या सोमवारी सकाळी आठ ते दहा मी वही घेऊन पाच कंदीलवर आहे. माझ्याकडे एकच बाजू होईल, उरलेल्या बाजूंना माणसं हवीत. मुली आल्या तर जास्त चांगलं, कारण थांबलेल्या बायांशी त्या बोलू शकतील. वहीत चारच रकाने आहेत: वय अंदाजे, हातात काय, थांबली किती सेकंद, आणि रस्ता ओलांडला कुणाच्या आडोशाने.