वर्गाबाहेरचा मुलगा आणि वर्गातली मुले

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर मोठा जनसमुदाय लोटतो. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील पाणी ओंजळीत घेतले आणि पुढे सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आम्हांला आज त्याआधीच्या एका शाळकरी मुलाकडे लक्ष वेधायचे आहे.

महाडजवळच्या दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे या सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक झाले. विद्यार्थिदशेत शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रातून दाद मागितल्यावर प्रवेश मिळाला, पण बसायची जागा वर्गाबाहेर!

या अन्यायाने मोरे यांना काय शिकवले, ते त्यांच्या आयुष्याने दाखविले. वर्गात बसलेल्या मुलांचे काय? 'याला हीन लेखा' असे त्यांना कुणी फळ्यावर लिहून दिले नसावे. तो रोज बाहेर, आपण आत आणि गुरुजी तसेच शिकवीत आहेत, एवढ्याने धडा पाठ होत असे.

जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका भारत सरकारने २००१ च्या डर्बन परिषदेत घेतली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्माधारित भेदभावात जातीचाही अंतर्भाव केला. हा वाद विद्वानांचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील मुले गोऱ्यांचा व काळ्यांचा नळ पाटी वाचून ओळखत; आमच्या मुलांना पाटीचीही गरज पडली नाही.

चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पाण्याला हात लागायला तीन वर्षे आणि एक सत्याग्रह लागला. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो स्वागतार्हच आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या डोंगरातले मूल वस्ती ओळखते ती नावापेक्षा जागेवरून: विहीर कुणाच्या अंगणाजवळ आणि कुणाला किती चालावे लागते.

ख्रिस्ती घरेही यातून सुटलेली नाहीत. जातिभेद चर्चमध्येही टिकून आहे, अशी कबुली भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलितविषयक धोरणात दिली. रविवारी आपण सारे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतो. सोयरिकीची बोलणी निघाली, की मात्र 'मंडळी कुठली?' हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. बाजूच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला तो ऐकू जातो.