मोजणीआधी मालकाला विचारा



विरार-अलिबाग मार्गिका असो, रेवस-रेड्डी सागरी मार्ग असो की उरण-पनवेल-पेणमधल्या १२४ गावांवर येऊ घातलेले नवे शहर, ‘पोलिस बंदोबस्तात मोजणी’ असा मथळा आला की शेतकऱ्यांनी अडवणूक केली, एवढेच वाचकाच्या मनावर ठसते. ज्याच्या शेतात पथक शिरले त्याला आधी कोणी विचारले होते का, हे बातमीत शोधूनही सापडत नाही. प्रकल्प हवा की नको, दर काय मिळावा, हे पुढचे प्रश्न. माझा आक्षेप न विचारता बांधावर पाय ठेवण्याला आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १२ याबाबत स्पष्ट आहे. मालक किंवा त्याने लेखी नेमलेली व्यक्ती हजर नसेल तर मोजणी करता येत नाही. गैरहजेरीत करायचीच तर किमान साठ दिवस आधी नोटीस देऊन त्याला हजर राहण्याची संधी द्यावी लागते. घरात किंवा घरालगतच्या बंदिस्त वाडीत शिरायचे तर राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर सात दिवसांची लेखी सूचना. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून महामार्ग, एमआयडीसी वगैरे राज्याच्या कायद्यांखालच्या संपादनाला यातून सूट दिली. मोबदल्याच्या तरतुदी राखल्या, विचारण्याची मात्र गाळली. ‘ते कलम आम्हाला लागू नाही’ हे अधिकाऱ्यांचे उत्तर कागदावर बरोबर असेलही, पण म्हणून ते पाळायला कोणी मनाई केलेली नाही.

मोजणी म्हणजे संपादन नव्हे, चार खुंट्या ठोकल्याने काय बिघडते, असे म्हटले जाते. खाडीकाठच्या खारेपाटात पुष्कळ बिघडते. बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) किंवा उघाडीला (बांधातल्या पाण्याच्या दाराला) धक्का लागला की भरतीचे पाणी भातशेतीत घुसते आणि खारवलेली जमीन पुन्हा पिकती करण्यात वर्षे जातात. कुठे खणायचे नाही हे नकाशावर दिसत नाही, ते कसणाऱ्यालाच ठाऊक असते. दुसरे म्हणणे असे, की सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातले निम्मे मुंबईत. सगळ्यांना गाठायचे कधी? साठ दिवसांची मुदत त्यासाठीच तर आहे. कर्जवसुलीची नोटीस याच नावांवर बिनचूक पोहोचते.

विचारले तर सगळे नाहीच म्हणतील, ही खरी भीती आहे. म्हणोत! २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांचे मत सरकारने घेतलेच ना? कौल विरोधात गेला, सेझ बारगळला, आणि म्हणून रायगडचे काही अडले नाही. विचारण्यात वेळ जातो म्हणणाऱ्यांनी जानेवारी १९८४ आठवावा. भूसंपादनाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावेच लागले. शेतकऱ्यांचे म्हणणे आधीच ऐकून घेतले असते तर किती वेळ वाचला असता, आणि वेळेहून मोलाचे काय काय वाचले असते!

रायगडच्याच किनाऱ्यावर बंगलेवाल्यांना मिळणारी वागणूक पाहा. किहीमचा नीरव मोदीचा बेकायदा बंगला ८ मार्च २०१९ ला सुरुंग लावून पाडला, तोही उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे प्रकरण चालल्यावर. अलिबाग-मुरूडच्या बेकायदा कुंपणांना नोटिसा, सुनावण्या, मुदतवाढ सगळे मिळते. समुद्राकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटा त्या कुंपणांनी अडवल्या तरी त्या मोकळ्या करायला बंदोबस्त मिळत नाही. आणि पिढ्यान् पिढ्या कायदेशीर सातबारा असलेल्याच्या शेतात मात्र थेट पोलिसांची गाडी.

जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी एवढीच, की प्रकल्प कोणत्याही कायद्याखालचा असो, मोजणीची तारीख आणि गट क्रमांक साठ दिवस आधी ग्रामपंचायतीत लावावेत, प्रत्येक खातेदाराला लेखी कळवावे आणि मालक हजर होता का, त्याने काय सांगितले, हे पंचनाम्यात लिहावे. अशी नोंद नसलेली मोजणी ग्राह्य धरू नये.

– एक वाचक, खारेपाट (ता. अलिबाग)