महाग फोन घ्यावा काय?

सहामाही परीक्षेनंतरच्या पालकसभेंत पूर्वीं गुणांची चौकशी होई. आतां त्या चौकशीच्या पाठोपाठ मोबाईल फोनाची चौकशी येते. गेल्या सभेच्या दिवशीं रिक्षा चालवून प्रपंच करणारे एक गृहस्थ इतर पालक निघून जाईपर्यंत व्हरांड्यांत थांबले आणि मग खालच्या आवाजांत म्हणाले, "सर, पोरगा ऐंशी हजारांचा फोन मागतोय. दुकानदार म्हणतो, हप्त्यानें देतों, व्याज नाहीं. घेऊं का?" आम्ही म्हणालों, "घेऊं नका." उत्तर चुकीचें नव्हतें, परंतु घाईचें होतें, आणि घाईच्या उत्तरानें घरीं वाट पाहणाऱ्या मुलाचें समाधान होत नसतें. सबब तो प्रश्न येथें पुनः हातीं घेत आहों.

प्रथम महाग फोनाची बाजू सांगितली पाहिजे. त्यांत कांहींच विशेष नसतें, केवळ नांवाचे पैसे पडतात, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. त्याच्या कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारी चकती बहुधा मोठी असते, दूरचें जवळ आणणारें भिंग स्वतंत्र असतें, आणि म्हणून मंद उजेडांतील चित्र स्वच्छ येतें. आंतील गणनयंत्र इतकें वेगवान असतें कीं चार-पांच वर्षांनीं कार्यक्रम जड झाले तरी तें धापा टाकीत नाहीं. लग्नकार्यांत छायाचित्रें व चलच्चित्रें काढून जो पोट भरतो, त्यास असा फोन म्हणजे सुताराचा चांगला रंधाच होय. त्यानें तो अवश्य घ्यावा.

पण नववीच्या विद्यार्थ्याचें काम तें कोणतें? धड्याचें टिपण पाठविणें, दीक्षावरील पाठ पाहणें, घरीं निरोप देणें, वाट शोधणें, आणि (हें आम्हांस ठाऊक नाहीं असें मुलांनीं समजूं नये) क्रिकेट पाहणें. हीं सर्व कामें वीस-पंचवीस हजारांचा फोन बिनतक्रार करितो. एका सेकंदांत एकशें वीस वेळां चित्र बदलणारा पडदा कांहीं वर्षांपूर्वीं महागांचेंच भूषण होता, तो आतां या मधल्या वर्गांत सर्रास मिळतो. २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयनें पैसे देतांना चहावाल्याच्या फळीवरील त्या चौकोनी खुणेस पंचवीस हजारांचा फोन आणि दीड लाखाचा फोन हे दोन्ही सारखेच.

मात्र येथेंच "मग सर्वांत स्वस्त तो घ्यावा" असें अनुमान कोणी काढील तर तो फसेल. आम्ही स्वतः फसलों आहों. २०१९ सालीं आम्हीं मोठ्या काटकसरीच्या अभिमानानें एक अगदीं स्वस्त फोन घेतला. दोन वर्षांनीं त्याच्या कंपनीनें सुरक्षिततेच्या दुरुस्त्या धाडणें बंद केलें, आणि पुढें एके दिवशीं बँकेच्या ॲपनें या फोनावर चालण्यास नकार दिला. फोन धडधाकट होता, काचेस ओरखडाहि नव्हता. तरी तो निकालांत निघाला. प्रत्येक फोनाच्या अंतर्गत व्यवस्थेंत दोष सांपडत राहतात, चोरटे त्यांतून वाट काढतात, आणि कंपनी तें भोंक बुजवीत असते. ती बुजविण्याचें थांबली कीं त्या फोनावर पैशाचा व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या घरांत निजणें होय.

म्हणून विकत घेतांना कॅमेऱ्याच्या आंकड्यांपूर्वीं एक गोष्ट विचारावी: दुरुस्त्या किती वर्षें मिळतील? गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ करितां आणि सॅमसंगनें २०२४ च्या गॅलॅक्सी एस २४ करितां सात वर्षांचें वचन दिलें. परंतु त्याच २०२४ सालीं सॅमसंगनें गॅलॅक्सी ए १६ या वीस हजारांच्या आंतील फोनास सहा वर्षांचें वचन दिलें. युरोपीय संघानें तर जून २०२५ पासून असा निर्बंधच घातला आहे कीं विक्री थांबल्यावरहि निदान पांच वर्षें व्यवस्थेच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत.

आतां पाटी-पेन्सिल घ्या. ऐंशी हजारांचा फोन सात वर्षें चालला तर वर्षास सुमारें ११,४०० रुपये पडतात. पंचवीस हजारांचा पांच वर्षें चालला तर ५,०००. आणि बारा हजारांचा, आमच्यासारखा, दोनच वर्षें चालला तर ६,०००. म्हणजे सर्वांत स्वस्त तो मधल्याहून महाग पडला! महाग फोनास जुन्या बाजारांत चांगली किंमत येते, हें खरें. पण तो सात वर्षें वापरावयाचा तर मध्यंतरीं बॅटरीहि बदलावी लागते, आणि मुळांत तो सात वर्षें ठेवणारे कितीसे आहेत? सप्टेंबर २०२५ मध्यें आयफोन १७ हा ८२,९०० रुपयांपासून आपल्याकडे विक्रीस आला, त्याबरोबर आदल्या वर्षींचा फोन जुना वाटूं लागलेले गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत.

बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टांत आमच्या मुलांस पाठ आहे. हप्त्यांच्या बाबतींत हिशेब आणखी बारीक करावा लागतो. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्येंच बँकांस बजाविलें होतें कीं शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वांत नाहीं. व्याज दुसऱ्या आकाराच्या नांवाखालीं लपलेलें असतें. रिक्षावाल्या गृहस्थांस चोवीस महिने दरमहा सुमारें ३,३०० रुपये काढावे लागले असते, आणि रिक्षा कधीं आजारी पडेल हें त्यांस कोणी सांगूं शकत नव्हतें.

एवढें सर्व समजावूनहि एक गोष्ट उरतेच. बाजारांत फोनावर घालावयाचीं आच्छादनें मिळतात. तीं सगळा फोन झांकतात, परंतु कित्येकांच्या पाठीवर कंपनीची खूण तेवढी दिसावी म्हणून मुद्दाम गोल छिद्र ठेविलेलें असतें. ऐंशी हजारांतील कितीएक हजार या छिद्राचे आहेत हें दुकानदार सांगत नाहीं, पण मुलांस तें पक्कें ठाऊक असतें. ज्याच्या फोनास असें छिद्र नाहीं, तो मुलगा वर्गांत आपला फोन उताणा ठेवितो. हें दुःख आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. आम्हीहि एके काळीं ठिगळाचा सदरा पुस्तकांच्या पिशवीआड लपवीत शाळेंत आलों आहों.

त्या गृहस्थांनीं शेवटीं बावीस हजारांचा फोन रोखीनें घेतला. मुलगा आठवडाभर रुसला होता. जानेवारीच्या सहलींत आम्हीं त्याला आणि महाग फोन असलेल्या त्याच्या सोबत्याला एकाच जागेवरून छायाचित्रें काढावयास सांगितलीं. दिवसाचीं दोन शिक्षकांच्या खोलींतील फळ्यावर लाविलीं. कोणतें कोणाचें याविषयीं दोन दिवस वाद झाला आणि एकमत होऊं शकलें नाहीं. रात्रीच्या शेकोटीचीं दोन मात्र पाहतांच ओळखूं आलीं. महाग फोनाचें खरोखरच सरस होतें, आणि तें त्या मुलानेंच सर्वांआधीं कबूल केलें.