आळस मजुराचा नव्हे, दर मजुरीचा तपासा

'कामाला माणसंच मिळत नाहीत,' ही तक्रार आज सोयाबीनच्या काढणीपासून इमारतीच्या स्लॅबपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तिचे कारणही ठरलेले असते: फुकटच्या रेशनने आणि 'लाडकी बहीण'च्या पैशाने लोक आळशी झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे मत थेट सर्वोच्च न्यायालयात उमटले. शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीच्या सुनावणीत न्यायमूर्ती भूषण गवई यांनी, मोफत योजनांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, असे बोलून दाखवले. त्याच महिन्यात लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी, कल्याणकारी योजनांमुळे मजूर गाव सोडायला तयार होत नाहीत, अशी तक्रार केली. एवढ्या मोठ्या आसनांवरून आलेले मत तरी हिशेबाने तपासायला हवे. तपासले की ते टिकत नाही.

'लाडकी बहीण'चे महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. तेल, डाळ, दवाखाना, मुलांची फी त्यात येत नाही. पन्नास रुपयांसाठी तीन-चारशेची मजुरी सोडून घरी बसण्याइतका कच्चा हिशेब कष्टकरी बाईचा नसतो. मग या योजनांनी काय झाले? घरात चार दिवसांचे दाणे असले की 'देशील त्या दरात येते' म्हणण्याची सक्ती उरत नाही, एवढेच. परवडत नाही म्हणून माल न विकणाऱ्या व्यापाऱ्याला आपण चतुर म्हणतो. परवडत नाही म्हणून श्रम न विकणाऱ्याला मात्र आळशी ठरवतो. मजूर मिळत नाहीत याचा खरा अर्थ, या दरात मिळत नाहीत.

कष्टाची सवय गेली असती, तर महाराष्ट्राची साखर तयार झाली नसती. दर दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून लाखो माणसे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि पाच-सहा महिने कोप्यांत राहतात. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला २७३ वरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून दोनेक टन तोडते, मोळ्या बांधते, वाहन भरते. म्हणजे माणशी हाती येतात सुमारे ३६६ रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरदार सोडून, कोपीत राहून, बारा-चौदा तास राबण्याची अधिकची किंमत पन्नास-पंचावन्न रुपये! शिवाय पैसे हिशेबात जोडीच्या नावाने, बहुधा पुरुषाच्या हाती. बाईचे वेगळे नावही नाही. आजारपणात खाडा पडला तर दंड. ही माणसे आळशी म्हणायची, तर कष्टाळू कोण?

'उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन पळतात त्याचे काय?' असे टोळ्या पुरवणारे मुकादम विचारतील. काही जण पळतात, आणि बुडालेली रक्कम मुकादमाच्या बोकांडी बसते, हे खरे आहे. पण पावसाळ्यात घर चालवायला दुसरी सोय नाही, म्हणूनच उचल घ्यावी लागते आणि ती फेडेपर्यंत काम सोडता येत नाही. कारखान्याने थेट लेखी करार करून दर आठवड्याला मजुरी खात्यावर टाकली, तर उचलीची गरज आणि पळण्याचे कारण दोन्ही कमी होतील. ज्या भरतीत नकाराचा मार्गच बंद केलेला असतो, तिथे कामावरच्या निष्ठेची अपेक्षा धरणे ढोंग आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप लहान शेतकऱ्याचा आहे: 'आमच्याच मालाला भाव नाही, मजुरी कुठून वाढवू?' हे दुखणे खोटे नाही. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात बराच काळ त्याहून कमी दर मिळाला. पण तो तोटा व्यापारात आणि धोरणात झाला. निंदणाऱ्या बाईने तो केला नाही. हमीभाव काढताना रोजंदारीचा खर्च धरला जातो. म्हणजे वाढलेली मजुरी भावात मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, आणि तो मजुराला शेजारी घेऊन मागितला तर त्याचे बळ वाढेल. दोन्ही गरजवंत बांधावर भांडत राहिले, की भाव पाडणारा सुखात राहतो.

'मजुरी वाढली तर धंदे बुडतील' ही भीतीही जुनीच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. त्या सुटीने गिरण्या बुडाल्या नाहीत. त्यानंतर त्यांचा विस्तारच झाला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कोयत्याऐवजी प्रत्येक कामगाराची स्वतंत्र नोंद करा. बाईची मजुरी तिच्याच खात्यावर, पुरुषाइतकीच द्या. आजारपणातल्या खाड्याचा दंड बंद करा. आणि कामाला माणूस शोधणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे: मजुराला आळशी म्हणण्याआधी दर वाढवून पाहा. तेही करून पाहिले आणि माणूस आला नाही, तरच बोला.