दुकान भरलेले, भांडवल परक्याचे

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस बिग बझारची अनेक दुकाने ग्राहकांसाठी उघडलीच नाहीत. आत माल होता, पाटी होती, कर्मचारीही होते; जागेवरचा हक्क मात्र कंपनीकडे उरला नव्हता. थकलेल्या भाड्यामुळे अनेक जागांचे भाडेपट्टे मूळ मालकांकडून रिलायन्स समूहाने आधीच आपल्या नावे करून घेतले होते आणि त्याच जागा फ्यूचर रिटेलला पोटभाड्याने दिल्या होत्या. ते पोटकरार रद्द झाले. नोटिसा आलेल्या आपल्या ८३५ दुकानांतून किरकोळ विक्रीच्या महसुलाचा ५५ ते ६५ टक्के हिस्सा येत असे, असे खुद्द कंपनीनेच त्या मार्चमध्ये शेअर बाजारांना कळविले.

अॅमेझॉन आणि रिलायन्स यांच्यातील न्यायालयीन लढाईची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तिच्या गदारोळात एक साधा हिशेब मात्र मागे पडला. ज्या कंपनीचा निम्म्याहून अधिक धंदा काही नोटिसांनी हातचा जाऊ शकतो, तिच्या धंद्यात भांडवल किती गुंतले होते आणि त्यावर ती किती कमावत होती?

गुंतविलेल्या भांडवलावरील परतावा हे प्रमाण दिसायला सोपे आहे. धंद्यातून झालेला नफा व्याज वजा करण्यापूर्वीचा घ्यायचा, त्यातून कर वजा करायचा आणि धंद्यात अडकलेल्या भांडवलाने त्याला भागायचे. भांडवल उभारण्याचा खर्च बारा टक्के असेल आणि परतावा नऊ टक्के, तर कंपनी प्रत्येक नव्या दुकानागणिक मालकांची संपत्ती कमी करीत असते. मग विक्री कितीही वाढो. २००६ च्या प्रजासत्ताक दिनी बिग बझारच्या ‘सबसे सस्ता दिन’ला लोटलेली गर्दी आवरता आवरेना, तेव्हा ती यशाची पावती मानली गेली. गर्दीवरून मागणी कळते, परतावा कळत नाही. खरी अडचण भागाकाराच्या खालच्या आकड्यात आहे. अडचणीतील किरकोळ विक्रेत्याच्या बाबतीत हा आकडा ताळेबंदातून जसाच्या तसा उचलला, तर उत्तर हमखास फसवे येते.

सर्वांत मोठी फसगत भाड्याची. समजा, एका भाड्याच्या दुकानात माल, फडताळे आणि यंत्रसामग्री मिळून चार कोटी रुपये गुंतले आहेत, वार्षिक भाडे एक कोटी आहे आणि करोत्तर कामकाजी नफा साठ लाख. परतावा पंधरा टक्के. भांडवलाचा खर्च बारा टक्के धरला तरी तीन टक्क्यांचे अंतर. पण दुकान ज्या जागेत चालते त्या जागेचे भांडवलही कोणीतरी गुंतविलेले असतेच. विश्लेषकांची जुनी पद्धत वार्षिक भाड्याला आठाने गुणण्याची. म्हणजे आणखी आठ कोटी, एकूण बारा कोटी. भाड्यातील व्याजाचा अंश आठ टक्क्यांनी ६४ लाख, २५ टक्के कर वजा जाता ४८ लाख. तो नफ्यात परत मिळवला की १ कोटी ८ लाख होतात. परतावा आला नऊ टक्के. भाड्याचे भांडवल स्वस्त असल्याने आता सरासरी खर्चही आठ टक्क्यांवर उतरतो, हे खरे. त्यामुळे दुकान तोट्यात गेले असे नव्हे. मात्र पंधराविरुद्ध बारा असे ऐसपैस वाटणारे अंतर प्रत्यक्षात नऊविरुद्ध आठ इतके चिंचोळे होते. करोत्तर नफा चोवीस लाखांनी घटला की परतावा सात टक्के, म्हणजे खर्चाच्या खाली.

१ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११६’ या लेखामानकाने भाडेपट्टे ताळेबंदावर आणले. पण त्याने नवा घोळही केला. भाड्याचा खर्च नाहीसा होऊन त्याजागी घसारा आणि व्याज आले, त्यामुळे व्याजापूर्वीचा नफा अचानक फुगलेला दिसू लागला. त्या वर्षीच्या आकड्यांची तुलना आदल्या वर्षाशी सरळ करणाऱ्याला धंदा सुधारल्याचा भास होणे स्वाभाविक होते.

फ्यूचर समूहात याहून गुंतागुंतीचा प्रकार होता. २०१६ मध्ये भारती रिटेलबरोबर झालेल्या फेररचनेत दुकानांचा धंदा एका कंपनीकडे गेला. तीच पुढे फ्यूचर रिटेल म्हणून ओळखली गेली. दुकानांतील पायाभूत सामग्री राहिली जुन्या कंपनीकडे, जिचे नाव फ्यूचर एंटरप्रायझेस झाले. एक कंपनी विकणार, दुसरी फडताळे आणि यंत्रे भाड्याने देणार. विकणारी कंपनी साहजिकच हलकी दिसू लागली. तिच्या नफ्याला तिच्याच भांडवलाने भागले तर परतावा आकर्षक येणार. पण ज्या सामग्रीवाचून ते दुकान एक दिवसही चालले नसते, तिचे भांडवल शेजारच्या ताळेबंदात होते. दोन्ही एकत्र मांडल्याखेरीज या धंद्याचा परतावा काढणे म्हणजे शेताचे उत्पन्न मोजताना विहिरीचा खर्च भावाच्या नावावर टाकण्यासारखे आहे. यात बेकायदा काही नव्हते. समभाग घेणाऱ्याने मात्र दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचायला हवे होते. २०२३ मध्ये फ्यूचर एंटरप्रायझेसही दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

तिसरे परके भांडवल पुरवठादारांचे. वर्षाला हजार कोटींचा माल खरेदी करणाऱ्या विक्रेत्याकडे साठ दिवसांचा साठा असेल आणि पुरवठादार चाळीस दिवस थांबत असतील, तर त्याचे स्वतःचे वीस दिवसांचे, म्हणजे सुमारे ५५ कोटी रुपये अडकतात. कंपनी डळमळीत असल्याची कुणकुण लागून उधारी दहा दिवसांवर आली, की तोच आकडा १३७ कोटींवर जातो. विक्री तीच, नफा तोच आणि भांडवल अडीचपट. प्रत्यक्षात इतके भांडवल उभे राहत नाही, म्हणून फडताळे रिकामी पडतात आणि विक्रीही घसरते. चांगल्या काळात परतावा वाढवून दाखविणारी ही उधारी वाईट काळात सर्वांत आधी पाठ फिरवते.

याच शहरात याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. राधाकिशन दमाणी यांच्या डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत उघडले. दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची असावी आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवून भाव पाडून घ्यावा, हे त्यांचे धोरण. कागदावर हा भांडवलाचा जडभार वाटतो. वाढीचा वेगही त्यामुळे मंदावतो. बिग बझारची घोडदौड चालू असताना हे धोरण अनेकांना जुनाट वाटत असे. डी-मार्टच्या परताव्यात मात्र जागेचे भांडवल आधीच धरलेले असते. म्हणून दोघांची तुलना करायची तर भाडेकरूच्या आकड्यांत भाड्याचे भांडवल मिळवल्यावरच करावी लागते.

आणखी एक सापळा जुन्या नुकसानीचा. न खपलेला माल किंवा बंद दुकानांतील सामग्री निर्लेखित केली, की गुंतविलेले भांडवल कमी होते आणि पुढच्या वर्षी परतावा आपोआप सुधारतो. बुडालेले पैसेही गुंतविलेलेच होते. मोजताना ते परत मिळवावे लागतात. धंद्याचा एखादा भाग विकल्यावरही असाच भास होतो. २०१२ मध्ये पँटालून्सची साखळी आदित्य बिर्ला समूहाकडे सोपवून किशोर बियाणी यांनी सुमारे १,६०० कोटींचा कर्जभार हलका केला. त्याने व्याज वाचले. उरलेल्या दुकानांची कमाईची ताकद त्यातून वाढत नव्हती.

करोनाची टाळेबंदी आली नसती तर कंपनी तगली असती, असा युक्तिवाद होतो आणि त्यात तथ्यही आहे. मार्च २०२० नंतर कपड्यांचा धंदा महिनोन् महिने ठप्प होता. असा आघात कोणत्याही ताळेबंदाला जड जाईल. पण नऊ आणि आठ एवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या धंद्याला त्याहून बराच लहान धक्काही पुरला असता.

ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटींचा व्यवहार एप्रिल २०२२ मध्ये फ्यूचर रिटेलच्या सुरक्षित कर्जदात्यांच्या मतदानात फेटाळला गेला. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. वित्तीय धनकोंनी सुमारे २१ हजार कोटींचे दावे दाखल केले. त्यासमोर आलेला सुमारे ५५० कोटींचा प्रस्ताव मतदानात टिकला नाही. अखेर जुलै २०२४ मध्ये न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अवसायनाचा आदेश दिला. अवसायकाला विकता येते ते कंपनीच्या मालकीचे. ज्या पत्त्यांवर ग्राहक वीस वर्षे जात होते, ते पत्ते त्या यादीत कधीच नव्हते.